चेहरा गायब, डोळे शाबूत: ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’बद्दलची मतं कशी वाचायची

‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ सेलमध्ये स्वस्त दिसला की माणूस आधी खेळाडूंची मतं चाळायला जातो, आणि तिथेच गोंधळतो. एकाच्या मते मालिकेतला हा सगळ्यात देखणा गेम, तर दुसऱ्याच्या मते पैसे पाण्यात. दोघंही खोटं बोलत नसतात. एकाने २०१४च्या नोव्हेंबरमध्ये वैतागून लिहिलेलं असतं आणि दुसऱ्याने पाच-सहा वर्षांनी, दुप्पट ताकदीच्या मशीनवर बसून. म्हणून या गेमबद्दलचं मत वाचताना आधी तारीख बघावी, मग किती तास खेळून लिहिलंय ते, मग मशीन कुठलं ते, आणि मजकूर सगळ्यात शेवटी.

गेमची ओळख थोडक्यात. कथा फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातल्या पॅरिसमध्ये घडते. नायक आर्नो दोरियां, त्याची प्रेयसी एलीझ, आणि मालिकेतलं नेहमीचं असॅसिन विरुद्ध टेम्प्लार या दोन गुप्त संघटनांचं वैर. बनवला युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओने आणि इतर अनेक स्टुडिओंनी मिळून. अमेरिकेत तो ११ नोव्हेंबर २०१४ला विक्रीला आला. जुन्या पिढीच्या कन्सोलना वगळून फक्त पीसी, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनसाठी केलेला हा मालिकेतला पहिला मोठा गेम. पुढचं रामायण समजायला हे लक्षात ठेवावं लागेल.

पहिल्या दिवशीचा राग दुहेरी होता. समीक्षकांना गेम आधी मिळाला होता, पण अमेरिकेत विक्री मध्यरात्री सुरू झाली आणि समीक्षा छापायची परवानगी त्याच दिवशी दुपारी बारापासून होती. म्हणजे बारा तास लोकांनी डोळे झाकून पैसे मोजले. आणि हाती काय आलं? आर्नो चालता चालता जमिनीतून आरपार खाली पडायचा, गवताच्या गाडीत उडी मारली की तिथेच अडकायचा, चौघांच्या सामूहिक मोहिमेत शिरताना गेम बंद पडायचा. पीसीवर काही ठिकाणी पात्रांच्या चेहऱ्याची कातडीच दिसायची नाही. हवेत तरंगणारे डोळे, दात आणि वर व्यवस्थित विंचरलेले केस. हे चित्र इतकं फिरलं की आजही ‘युनिटी’ म्हटलं की अनेकांना आधी तेच आठवतं. खरं तर तो दोष ठरावीक पीसींपुरताच होता आणि लवकर दुरुस्तही झाला. पण चित्र पसरतं, दुरुस्तीची बातमी पसरत नाही.

चेहऱ्याचा दोष गाजला खरा, तरी जास्त लोकांना छळलं ते गेमच्या संथपणाने. किमान गरज म्हणून कंपनीने सांगितलं होतं: इंटेल कोअर आय-फाइव्ह २५००के, ६ जीबी रॅम, जीटीएक्स ६८० किंवा रेडिऑन एचडी ७९७० ग्राफिक्स कार्ड आणि डिस्कवर ५० जीबी जागा. जीटीएक्स ६८० हे २०१२ साली एनव्हिडियाचं वरच्या फळीतलं कार्ड होतं. त्याला ‘किमान’ म्हटल्यावर लोक चिडणारच. शिफारस होती जीटीएक्स ७८० किंवा आर९ २९०एक्सची, म्हणजे त्या काळच्या अव्वल कार्डांची. आणि गंमत अशी, की महागडं कार्ड घेतलेल्यांनाही गर्दीच्या चौकात गेम अडखळताना दिसत होता. का, ते समजायला पंगतीचं उदाहरण पुरतं.

लग्नाच्या पंगतीत वाढपी दहा असोत की वीस, स्वयंपाकघराच्या दारात भांडी भरून देणारा एकच असेल तर पंगत त्याच्या वेगाने चालते. वाढपी रिकाम्या हाताने उभे राहतात. गेममध्ये वाढपी म्हणजे ग्राफिक्स कार्ड, आणि भांडी भरून देणारा म्हणजे प्रोसेसर. पडद्यावरची प्रत्येक वस्तू, म्हणजे माणूस, टोपी, झेंडा, खिडकी, काढण्यासाठी प्रोसेसर कार्डाला एक हुकूम देतो. त्याला ‘ड्रॉ कॉल’ म्हणतात. त्या वेळच्या डायरेक्टएक्स ११मध्ये, म्हणजे गेमचे हुकूम कार्डापर्यंत पोचवणाऱ्या विंडोजच्या व्यवस्थेत, हे काम बहुतेक सगळं प्रोसेसरच्या एकाच धाग्यावर, म्हणजे कामाच्या एकाच रांगेवर, पडायचं. ‘युनिटी’ने चौकात हजारोंचा जमाव उभा केला, त्यामागे खऱ्या मापाच्या जवळपास पोचणाऱ्या इमारती उभ्या केल्या, आणि त्यातल्या साधारण चारांतल्या एका इमारतीत आत शिरता येईल असं केलं. हुकूमांचा ढीग झाला. हा भार अनेक धाग्यांवर नीट वाटून देणारं डायरेक्टएक्स १२ जुलै २०१५ला विंडोज १०बरोबर आलं, आणि ‘युनिटी’ कायमचा ११वरच राहिला.

त्यामुळे २०१४-१५च्या मतांमध्ये ‘कार्ड तर भारी आहे, तरी गेम अडखळतो’ अशी तक्रार दिसली तर ती खोटी समजू नका. त्या माणसाचा प्रोसेसर कमी पडत होता. तुमच्याकडेही तेच होतंय का, हे तपासायला दोन मिनिटं पुरतात. गर्दीच्या चौकात उभे राहा, फ्रेमचा आकडा (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो) बघा, मग रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी करा आणि पुन्हा बघा. आकडा चांगला वाढला तर अडचण कार्डाची. जवळजवळ तिथेच राहिला तर प्रोसेसरची, आणि मग सावल्या-बिवल्या कितीही कमी केल्या तरी फार फरक पडणार नाही.

जमावाबद्दल आणखी एक तक्रार वारंवार येते: लांबून येणारा माणूस जवळ आला की त्याचे कपडे किंवा चेहरा अचानक बदलतो. हजारो लोकांना प्रत्येकी ‘डोकं’ देणं परवडत नाही. म्हणून आर्नोच्या आसपासचे मोजकेच लोक खरे वागतात, म्हणजे पळतात, ओरडतात, वाट अडवतात. त्यापलीकडचे कळसूत्री बाहुल्यांसारखे हलतात आणि अगदी लांबचे तर नुसते ढोबळ आकार असतात. तुम्ही पुढे सरकलात की बाहुलीच्या जागी खरा माणूस बसवला जातो. हा बदल झाकण्यात गेम अनेकदा कमी पडतो. हा दोष पॅचने, म्हणजे कंपनीने नंतर दिलेल्या दुरुस्तीने, गेला नाही, कारण मुळात ती गर्दी शक्य करणारी युक्तीच ही आहे.

याच्या उलट, ‘दहा वर्षं जुना वाटतच नाही’ असं जे कौतुक होतं त्यालाही तांत्रिक कारण आहे. या पॅरिसमधला उजेड बहुतांशी आधीच मोजून ठेवलेला आहे. लाल भिंतीवर पडलेलं ऊन शेजारच्या पांढऱ्या भिंतीला किंचित लालसर करतं, हे असलं गणित खेळताना करण्याऐवजी कारखान्यातच करून फायलींमध्ये भरलंय. म्हणून चर्चच्या आतला धुरकट प्रकाश आजही डोळ्यांना पटतो. किंमत अशी, की वेळ वाहत नाही. सकाळची दुपार होताना दिसत नाही. ठरावीक प्रहरच आहेत आणि ते एकदम बदलतात. ‘दिवस-रात्र होत नाही’ म्हणून नाराज झालेला खेळाडू आणि ‘उजेड काय सुंदर आहे’ म्हणणारा खेळाडू एकाच निर्णयाबद्दल बोलत असतात.

पुन्हा २०१४कडे येऊ. पॅचमागून पॅच आले. २६ नोव्हेंबरला माँट्रियल स्टुडिओचे प्रमुख यानिस मॅला यांनी जाहीर माफी मागितली. ‘डेड किंग्ज’ हा जोडभाग सगळ्यांना फुकट केला, सीझन पासची (जोडभाग एकत्र आधीच विकत घ्यायची सोय) विक्री थांबवली आणि ज्यांनी तो आधीच घेतला होता त्यांना कंपनीचा एक दुसरा गेम फुकट निवडायला दिला. सें-देनीमध्ये घडणारा ‘डेड किंग्ज’ जानेवारी २०१५मध्ये आला. तेव्हा नोव्हेंबर २०१४ आणि २०१५च्या मध्यानंतरची मतं ही जवळजवळ दोन वेगळ्या गेमबद्दलची आहेत असं धरून चालावं.

पॅचने गेलेल्या तक्रारींपैकी एक फार बोचणारी होती. नकाशावर जागोजागी पेट्या दिसत; काही साध्या कुलपाच्या, पण काही निळ्या पेट्या उघडायला मोबाइलवर वेगळं ॲप घालून त्यात खेळावं लागायचं, आणि काही सोनेरी पेट्यांसाठी ‘इनिशिएट्स’ नावाच्या वेबसाइटवर खातं लागायचं. ते जोडणंही धड चालायचं नाही. समोर पेटी आहे, हात पोचतोय, आणि गेम म्हणतो आधी फोन काढा! ही कटकट पुढे काढून टाकली. जुन्या मतात ॲपवरून शिव्या दिसल्या तर तेवढा भाग आज सोडून द्यायला हरकत नाही.

चार प्रकारच्या ‘पैशांची’ तक्रार मात्र अजून लागू आहे. लीव्र हे साधं चलन. त्याने हत्यारं-कपडे घ्यायचे. सिंक पॉइंट मोहिमांमधून मिळतात, त्याने कौशल्यं. क्रीड पॉइंटने वस्तू सुधारायच्या. आणि हेलिक्स क्रेडिट हे खऱ्या पैशांनी घ्यायचं. पूर्ण किमतीच्या गेममध्ये असलं दुकान उघडल्याचा राग योग्यच होता. पण हेलिक्सशिवाय काही अडत नाही. कॅफे-थिएटर या आर्नोच्या अड्ड्याची डागडुजी सुरुवातीपासून करत गेलं की तिथून लीव्र आपोआप जमा होत राहतात. फक्त मधूनमधून जाऊन गल्ला रिकामा करावा लागतो, कारण तो भरला की कमाई थांबते. सिंक पॉइंटसाठी सामूहिक मोहिमा खासगी ठेवून एकट्यानेही खेळता येतात. जड जातात, पण जमतात.

आता त्या तक्रारी, ज्या कुठल्याच पॅचने गेल्या नाहीत आणि जाणारही नाहीत, कारण त्या मांडणीबद्दल आहेत. इथे मतं खरोखर दुभंगतात.

पहिली धावपळीची. आधीच्या गेममध्ये एक बटण दाबून धरलं की नायक चढायचा, उतरायचं मात्र कष्टाचं. ‘युनिटी’ने दोन वेगळे हुकूम दिले. कंट्रोलरवर आरटीसोबत (उजवीकडचं मागचं बटण) ए दाबलं की वर, आरटीसोबत बी दाबलं की खाली. छपरावरून रस्त्यावर आर्नो ज्या डौलात पायरी-पायरीने उतरतो, तसं मालिकेत आधी नव्हतं आणि पुढच्याही बऱ्याच गेममध्ये नाही. कौतुक करणारे यावरच फिदा असतात. टीका करणारे म्हणतात की आर्नो ऐकत नाही: खिडकीतून आत जायचंय तर तो चौकटीभोवती उड्या मारतो, टेबलाशेजारून पळायचंय तर टेबलावर चढून बसतो. दोन्ही खरं. हालचालींची संख्या प्रचंड वाढवली की प्रत्येक कोपऱ्यावर ‘याला नेमकं काय हवंय’ हा अंदाज गेमला करावा लागतो, आणि अंदाज चुकतो. उपाय साधा आहे. आरटी सतत दाबून ठेवू नका. सपाट रस्त्यावर सोडा, भिंतीजवळ दाबा, खिडकीपाशी आधी थांबा आणि मगच आत शिरायचं बटण दाबा. ‘आर्नो बहिरा आहे’ असं दोन तासांत लिहिणारे आणि ‘धावण्याची मजा इथेच’ असं चाळीस तासांनी लिहिणारे यांच्यातला फरक बराचसा या बोटाच्या सवयीचा आहे. बराचसा, सगळा नव्हे. खिडक्या चाळीस तासांनंतरही कधीमधी दगा देतात.

दुसरी लढाईची. आधी नायक वीस शिपायांत उभा राहून एकेकाला उलटवार करून लोळवायचा. इथे चार जण भारी पडतात, त्यात एखादा बंदूकवाला लांबून टिपतो. ज्यांना जुनी दादागिरी हवी होती ते चिडले, ज्यांना लपून काम करायला भाग पाडणारा गेम हवा होता ते सुखावले. मात्र लपण्याची काही हत्यारंही गेमने कौशल्यांच्या कुलपात ठेवली. उंचीवरून एकाच वेळी दोघांवर झडप घालणं, जे मालिकेच्या जुन्या खेळाडूंच्या अंगवळणी पडलं होतं, ते इथे विकत घ्यावं लागतं. शिट्टी मारून शिपायाला बोलावता येत नाही. त्याऐवजी चेरी बाँब फेकून लक्ष वळवावं लागतं. मोहिमेवर दाखवलेल्या हिऱ्यांकडे लक्ष द्या. हिरे तुमच्या पातळीपेक्षा जास्त असतील तर तिथले शिपाई दोन फटक्यांत आडवं करतात, आणि ‘लढाई अन्यायी आहे’ असं मत नेमकं तिथून जन्म घेतं.

आणि तिसरी गोष्ट, ज्यावर टीकाकारही नरमतात: मोठ्या खुनांच्या मोहिमा. पहिलीच नोत्र दाम या पॅरिसच्या प्रसिद्ध चर्चमध्ये आहे. सिवेर नावाच्या माणसाला गाठायचंय. किल्ल्या चोरून बंद दारं उघडा, पहारेकऱ्यांचं लक्ष दुसरीकडे वेधा, वरून झेप घ्या, किंवा पाद्र्याच्या जागी कबुलीच्या कोठडीत बसून जाळीपलीकडे त्याला येऊ द्या. वाट तुम्ही शोधायची. गेम आवडलेल्यांच्या लांबलचक मतांमध्ये हीच मोहीम सारखी येते.

इतिहासावरून झालेला वाद आपल्याला ओळखीचा वाटेल. फ्रान्समधले डावे नेते जाँ-ल्यूक मेलाँशाँ यांनी २०१४मध्येच या गेमवर हल्ला चढवला. क्रांती करणारी जनता म्हणजे रक्तपिपासू झुंड आणि क्रांतीचा नेता रोबेस्पिएर म्हणजे राक्षस, असं चित्र रंगवल्याचा त्यांचा आरोप होता. गेममध्ये रोबेस्पिएर टेम्प्लारांच्या बाजूचा आहे, तेव्हा आरोप अगदीच हवेतला नव्हता. आपल्याकडे ऐतिहासिक कलाकृतींवरून जे होतं त्यापेक्षा हे फार निराळं नाही. साध्या खेळाडूंची तक्रार वेगळीच होती: पॅरिसचे लोक इंग्रजांसारखं इंग्रजी का बोलतात? यावर तोडगा आहे. सेटिंगमध्ये आवाज फ्रेंच करा, उपशीर्षकं इंग्रजी ठेवा. फ्रेंचचा एक शब्द कळत नसला तरी शहर एकदम खरं वाटू लागतं.

वास्तूंमध्येही सवलती घेतल्यात. सगळ्यात ठळक नोत्र दामचा निमुळता कळस. गेममध्ये दिसतो तो कळस एकोणिसाव्या शतकात व्हिओले-ल-द्यूक या वास्तुविशारदाने उभा केला. क्रांतीच्या सुमारास जुना कळस उतरवला गेला होता. म्हणजे आर्नो ज्यावर चढतो ते त्या काळी तिथे नव्हतंच. पण लोकांच्या मनातलं नोत्र दाम कळसासकटच होतं, म्हणून तो ठेवला.

१५ एप्रिल २०१९ला नोत्र दामला आग लागली आणि तोच कळस कोसळला. युबिसॉफ्टने पुनर्बांधणीला ५ लाख युरो जाहीर केले आणि १७ ते २५ एप्रिलपर्यंत ‘युनिटी’ पीसीवर, स्वतःच्या यूप्ले दुकानातून, फुकट दिला. स्टीम या दुसऱ्या ऑनलाइन गेम-दुकानात तो फुकट नव्हता. तरी स्टीमवर अनुकूल मतांचा पूर आला. साडेचार वर्षं शिव्या खाल्लेल्या गेमला एका आठवड्यात हार-तुरे.

मतं म्हणजे काय, हा प्रश्न इथे उभा राहिला. त्याच्या महिनाभर आधी, मार्च २०१९मध्ये, स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हने नियम केला होता: गेमशी संबंध नसलेल्या कारणाने मतांचा भडिमार झाला तर तो काळ गुणांतून वगळायचा. नियम केला होता तो रागाने घातलेल्या शिव्यांसाठी. आता प्रेमाचा भडिमार आला, त्याचं काय? व्हॉल्व्हने विचार करून तो वगळला नाही. खेळणाऱ्यांची संख्याही त्या दिवसांत वाढली होती, लोक खरोखर गेम खेळत होते. एखाद्या सेलनंतर किंवा बातमीनंतर कुठल्याही गेमकडे लोक वळतात तसंच ते दिसत होतं. ही मतं बाजूला काढावीत का? सरसकट नको. त्यातली अनेक मतं चर्चबद्दल किंवा कंपनीच्या दिलदारपणाबद्दल आहेत, ती तुम्हाला उपयोगाची नाहीत. पण बाकीची, पाचव्या वर्षी चांगल्या मशीनवर दुरुस्त गेम खेळलेल्यांची आहेत, आणि ती २०१४च्या मतांपेक्षा तुमच्या परिस्थितीच्या जास्त जवळ आहेत.

त्याच सुमारास पसरलेली एक बातमी मात्र खोडायला हवी: या गेममधल्या मॉडेलवरून चर्च पुन्हा बांधणार. गेमच्या कलाकारांनी त्या चर्चवर वर्षाहून जास्त काळ मेहनत घेतली हे खरं, पण ते खेळण्यासाठी घडवलेलं चर्च आहे. चढायला सोयीचे बदल त्यात आहेत. मापांसाठी कला-इतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी आगीच्या कितीतरी आधी केलेलं लेझर-मोजमाप होतं.

आता स्टीमच्या आकड्यांचा अर्थ. तिथे पाच तारे नसतात, फक्त अंगठा वर किंवा खाली. ‘बरा आहे, सेलमध्ये घ्या’ म्हणणाराही वर आणि ‘आयुष्यातला सर्वोत्तम’ म्हणणाराही वरच. म्हणून ७० टक्के म्हणजे दहापैकी सात गुण नव्हेत. दहातल्या सात जणांनी ‘घ्या’ म्हटलं, एवढंच. ४० ते ६९ टक्क्यांना ‘मिश्र’, ७० ते ७९ला ‘बहुतांशी सकारात्मक’ असं लेबल लागतं. ‘अलीकडची मतं’ म्हणजे मागच्या ३० दिवसांची. जुन्या गेमबाबत आधी हीच ओळ वाचा. खाली मतांचा आलेख असतो. तो माऊसने ओढून हवा तो काळ निवडता येतो. ‘युनिटी’साठी २०१४-१५ वगळा, एप्रिल-मे २०१९ वगळा, आणि उरलेल्यातली नकारात्मक मतं आधी वाचा. त्यात आजही जे दोष पुन्हापुन्हा येतात तेच तुमच्या वाट्याला येतील: युबिसॉफ्ट कनेक्टचं (आधीचं यूप्ले) वेगळं लॉग-इन, खिडक्या, आणि गर्दीतले झटके.

मशीन आज चालेल का? जीटीएक्स १६५० आणि त्यापुढचं कार्ड असलेला साधा गेमिंग लॅपटॉप मूळ किमान गरजेच्या वर आहे. पहिलं काम, कडा गुळगुळीत करणारा जड पर्याय एमएसएए बंद करून हलका एफएक्सएए लावा. सगळ्यात जास्त फ्रेम इथे परत मिळतात. सावल्यांचा ‘पीसीएसएस’ पर्याय सोडून ‘हाय’वर या. कोपऱ्यांतल्या सावलीसाठीचा एचबीएओ+ अडत असेल तर हलका एसएसएओ. पोताची (टेक्श्चर) गुणवत्ता मात्र कार्डात ४ जीबी मेमरी असेल तर कमी करू नका. ती कमी केली की शहराचा चेहरा जातो आणि वेग फारसा मिळत नाही. गेम एसएसडीवर टाका. एकाच कांडीवर ८ जीबी रॅम असलेल्या लॅपटॉपला दुसरी कांडी जोडली तर गर्दीतले झटके बऱ्याचदा कमी होतात.

आणि परताव्याचं गणित सांभाळा. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि एकूण खेळ दोन तासांपेक्षा कमी असेल तर पैसे परत मागता येतात. पण ‘युनिटी’ची सुरुवात १३०७मधल्या टेम्प्लारांच्या प्रसंगाने होते, मग व्हर्सायचा महाल, मग बॅस्टिलचा तुरुंग. हे सगळं बंदिस्त आणि हलकं आहे. इथे गेम लोण्यासारखा चालतो आणि बघता बघता तास-दीड तास निघून जातो. मशीनची खरी परीक्षा गर्दीच्या उघड्या पॅरिसमध्येच होते. तेव्हा पहिल्या बैठकीत इकडेतिकडे भटकू नका, सेटिंगच्या पानावर गेम उघडा ठेवून जेवायला जाऊ नका, कारण तो वेळही मोजला जातो. सरळ कथा पुढे रेटा, तुरुंगातून सुटा, नोत्र दामसमोरच्या चौकात जाऊन उभे राहा आणि फ्रेमचा आकडा बघा.